ईआर-२ विमानाची माहिती हवी आहे? पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

नासाच्या ईआर-२ या उंच उडणाऱ्या संशोधन विमानाच्या मोहिमांत खानदेशातल्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप मिळते का? नाही. विद्यार्थ्यांसाठी ‘सार्प’ नावाचा हवाई संशोधन कार्यक्रम २००९ पासून आहे, पण त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ‘परदेशी कोटा आहे’ म्हणत कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.

विमानात बसायला तर तिथल्या शास्त्रज्ञांनाही मिळत नाही. यू-२ या टेहळणी विमानावरून बनलेलं हे विमान सुमारे ७०,००० फुटांवर जातं. आत प्रेशर सूट घातलेला एकटा वैमानिक असतो, बाकी उपकरणंच.

त्या उपकरणांनी टिपलेली माहिती मात्र सगळ्यांना खुली आहे. पदवीची, संस्थेची अट नाही. कागदपत्रं म्हणाल तर एकही नाही. आधार नको, बोनाफाईड नको, प्राचार्यांचं पत्र नको. फीही नाही.

नासाच्या ‘अर्थडेटा लॉगिन’ या संकेतस्थळावर खातं काढायचं. नाव, ईमेल, देश, संस्थेचा प्रकार भरायचा. ईमेलवर आलेली लिंक उघडल्याशिवाय खातं सुरू होत नाही. पुढे डाउनलोड अडलं, तर बहुधा ती माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरला खात्यातून परवानगी द्यायची राहिलेली असते.

वळवाच्या वादळाने रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी माझ्या मते ‘डीकॉट्स’ मोहिमेपासून सुरुवात करावी. २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधल्या सलायनाहून ईआर-२ उडालं. गडगडाटी ढगांचे माथे स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या नेहमीच्या थराच्या वरच्या थरात, घुसले की कोणते वायू आणि किती बाष्प वर जातं, हे त्यात मोजलं. विमानावरच्या बऱ्याच मोजमापांच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, जुन्या लॅपटॉपवरही उघडतात. वरच्या ओळींत एककं आणि नोंद नसल्याचे आकडे दिलेले असतात. -९९९९ दिसलं तर ते तापमान नव्हे! ते गाळूनच सरासरी काढा. आणि आकाश अमेरिकेचं आहे, त्यावरून जळगावच्या वादळाचा निष्कर्ष काढू नका.

भारतातली माहिती हवी असेल तर इस्रोचं ‘वेदास’ पोर्टल बघा. ईआर-२ वरच्या ‘एव्हिरिस’ या, जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाचे बारीक रंगपट्टे टिपणाऱ्या उपकरणाचं पुढचं रूप २०१५-१६ मध्ये इस्रोच्या बी-२०० विमानावर बसवून देशातल्या निवडक जागा टिपल्या होत्या. हे विमान फार उंच उडणारं नाही. आपला भाग त्यात आहे का, ते जागांच्या यादीत आधी तपासा आणि मगच प्रकल्पाचा विषय गाइडला सांगा.