पॅलेस्टाइनवरील धार्मिक व इहवादी हक्कदावे

भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्या मधला पट्टा सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे कोकण विभागापेक्षाही लहान. ज्यू परंपरेत तो एरेत्झ इस्रायल, अरबांचा फलस्तीन. ही मायभूमी कोणाची, याविषयी गेली सव्वाशे वर्षे जे दावे मांडले गेले त्यांची ही नोंद आहे. एका बाजूचा दावा पोथीतला आणि दुसऱ्या बाजूचा वहिवाटीचा, अशी विभागणी सर्रास केली जाते. ती टिकत नाही. पोथी, इतिहास आणि वहिवाट यांचा आधार दोन्ही बाजू घेतात. तरीही दाव्याची जात ओळखावी लागते, कारण पुरावा कशाला म्हणायचे, सीमा कुठवर धरायची आणि जमीन सोडण्याचा अधिकार कोणाला, हे तीन प्रश्न तिच्यावरच ठरतात.

ज्यू धर्मपरंपरेतील भूमी

बायबलमध्येच या भूमीचे एकाहून अधिक नकाशे आहेत. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहमाच्या वंशजांना मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंतचा प्रदेश देण्याचे वचन आहे. गणनेचा ३४वा अध्याय ठिकाणे सांगत सीमा आखतो आणि पूर्वेला जॉर्डनवर थांबतो. बॅबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्यांनी वसवलेला प्रदेश तर त्याहून आखूड होता. धर्मशास्त्राला या फरकाची रोज गरज पडते, कारण कित्येक आज्ञा फक्त या भूमीतच लागू होतात. शेमिटा ही त्यातली सर्वांत जाचक: दर सातव्या वर्षी पेरणी करायची नाही, शेत मोकळे ठेवायचे. दक्षिणेकडचे अरावा खोरे प्राचीन सीमेत येते की नाही यावर रब्बींचे म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे मतभेद आहेत, आणि तिथली भाजी शेमिटाच्या वर्षी कोणत्या नियमाने विकायची हे त्यावर ठरते. राज्याच्या नकाशात मात्र खोऱ्याची पश्चिम बाजू निर्विवाद इस्रायलची आहे. धर्माची सीमा आणि राज्याची सीमा या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत.

१८८० नंतर आलेल्या ज्यू शेतकऱ्यांपुढे हा प्रश्न थेट पोटापाण्याचा होऊन उभा राहिला. १८८९च्या शेमिटासाठी पूर्व युरोपातील काही मोठ्या रब्बींनी तोड काढली: जमीन वर्षापुरती ज्यूतराला विकायची, म्हणजे ती कसता येते. या सवलतीला हेतेर मेखिरा म्हणतात आणि ती आजही वापरात आहे. तिच्या विरोधकांचा एक आक्षेप असा की बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या ७व्या अध्यायानुसार या भूमीतला ठाव ज्यूतरांना देताच येत नाही. हेच वचन पुढे भूभाग परत देण्याच्या विरोधात वापरले गेले.

भूमी पवित्र आहे म्हणून तिथे राज्य स्थापावे, असा निष्कर्ष परंपरेने सरसकट काढलेला नाही. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातील केतुबोत प्रकरणात तीन शपथा आहेत: इस्रायलने एकजुटीने, बळाने भूमीवर चढून जाऊ नये, राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि राष्ट्रांनी इस्रायलला प्रमाणाबाहेर छळू नये. सातमार पंथ आणि १९३८मध्ये जेरुसलेममध्ये स्थापन झालेला नेतुरेई कार्ता हा गट यांच्या मते पहिल्या दोन शपथा आजही बंधनकारक आहेत आणि मशीहा म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार येण्याआधी राज्य उभारणे पाप आहे. उलट, १९२१मध्ये प्रमुख रब्बी झालेले अब्राहम इसहाक कूक यांनी शेतात राबणाऱ्या नास्तिक तरुणांनाही ईश्वरी उद्धाराचे नकळत झालेले हस्तक मानले. त्यांचे पुत्र झ्वी येहुदा कूक यांच्या शिष्यांनी १९६७च्या युद्धात जिंकलेल्या प्रदेशाकडे याच दृष्टीने पाहिले आणि १९७४मध्ये गुश एमुनीम ही वसाहत चळवळ उभी केली.

झायोनवाद

झायोनवाद म्हणजे ज्यूंना स्वतःचे राष्ट्रीय घर मिळवून देण्याची चळवळ. तिचे प्रवर्तक लिओन पिन्सकर (१८८२) आणि थिओडोर हर्झल (१८९६) यांचा युक्तिवाद धर्माचा नव्हताच. स्वतःचे राज्य नसलेल्या ज्यूंना युरोपात सुरक्षितता मिळणार नाही, हा त्याचा गाभा. हर्झलने सुरुवातीला अर्जेंटिना आणि पॅलेस्टाइन असे दोन्ही पर्याय मांडले होते. झायोनवाद्यांच्या १८९७च्या बाझेल परिषदेने पॅलेस्टाइन निश्चित केले आणि सार्वजनिक कायद्याने सुरक्षित केलेले घर मागितले; ईश्वरी वचनाचा उल्लेख त्या मागणीत नाही.

१९०३मध्ये ब्रिटनने पूर्व आफ्रिकेतला, आजच्या केनियातला प्रदेश देऊ केला. तो पाहायला पथक पाठवावे का, यावर सहाव्या परिषदेत २९५ विरुद्ध १७८ मते पडली. धार्मिक झायोनवाद्यांच्या मिझराही गटातील बहुतेकांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला; पवित्र भूमी कुठे जात नाही, पण जीव आज वाचवायला हवेत, अशी त्यांची भूमिका. कडवा विरोध केला तो रशियातील, बहुतांशी इहवादी प्रतिनिधींनी. मूळ भूमीशिवाय त्यांचे राष्ट्र अपुरे होते. १९०५मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला. धार्मिक माणूस भूमीला चिकटून राहतो आणि इहवादी तडजोड करतो, हे गृहीतक इथेच कोसळते.

इहवादी संस्थांनी पोथीतून घ्यायचे ते घेतलेच. जमीन खरेदीसाठी १९०१मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीने बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या, जमीन कायमची विकू नये या आज्ञेवर आपले धोरण बेतले: जमीन विकायची नाही, ४९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. आज इस्रायलमधील सुमारे ९३ टक्के जमीन विकता न येणारी सार्वजनिक जमीन आहे. या जमिनीतून अरब नागरिकांना किती वाटा मिळतो हा तिथला जुना आणि न्याय्य वाद आहे.

१४ मे १९४८च्या स्वातंत्र्य घोषणेत हक्काचा आधार ‘नैसर्गिक व ऐतिहासिक हक्क’ आणि संयुक्त राष्ट्रांचा ठराव असा सांगितला आहे. शेवटच्या परिच्छेदात ईश्वराचे नाव हवे असा रब्बी फिशमन मायमोन यांचा आग्रह, तर ते नको असे डाव्या मापाम पक्षाचे आहारोन झिसलिंग यांचे म्हणणे. तोडगा म्हणून ‘इस्रायलचा खडक’ हा शब्दप्रयोग आला. श्रद्धावानाने त्यात देव वाचावा, इतरांनी राष्ट्राचे सामर्थ्य. सीमा लिहायच्या की नाही यावरही मतदान झाले आणि ५ विरुद्ध ४ मतांनी त्या गाळल्या. ती मोकळी जागा अजून भरलेली नाही.

पॅलेस्टिनी दावा

१९२२च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख ५७ हजार होती. त्यातले सुमारे ८४ हजार ज्यू, ७३ हजार ख्रिस्ती, बाकीचे जवळजवळ सर्व मुसलमान. पॅलेस्टिनी दाव्याचा कणा हाच आहे: पिढ्यान्‌पिढ्यांचा वास आणि बहुसंख्येचा स्वयंनिर्णयाचा हक्क. ब्रिटनच्या २ नोव्हेंबर १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्याने ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ मान्य केले. इथल्या बहुसंख्य लोकांचा उल्लेख मात्र ‘ज्यूतर समाज’ एवढाच केला आणि त्यांना नागरी व धार्मिक हक्कांची हमी दिली, राजकीय हक्कांची नाही. पुढच्या सगळ्या अन्यायाची वीट इथे रचली गेली. या दाव्याला शब्द देणाऱ्यांत ख्रिस्ती पत्रकार अग्रभागी होते. १९११मध्ये जाफात सुरू झालेले ‘फलस्तीन’ हे वृत्तपत्र एका ख्रिस्ती घराण्याचेच.

धार्मिक धागाही सुरुवातीपासून आहे. अल-अक्सा ही इस्लामची तिसरी पवित्र मशीद आणि जेरुसलेम हा पहिला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. जानेवारी १९३५मध्ये जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांनी ज्यूंना जमीन विकण्याविरुद्ध फतवा काढला. खुद्द अरब जमीनदार, त्यातही बैरूतमध्ये राहणारे, जमिनी विकत होते आणि राष्ट्रवादी आवाहनांनी ते थांबत नव्हते, ही त्यामागची अडचण.

हमासच्या १९८८च्या सनदेतील ११वे कलम संपूर्ण पॅलेस्टाइनला मुसलमानांच्या सर्व पिढ्यांसाठीचा वक्फ ठरवते. शास्त्राच्या कसोटीवर हा दावा नवा आणि सैल आहे. वक्फाला दाता लागतो, त्याच्या मालकीची ठरावीक मिळकत लागते, लाभार्थी आणि मुतवल्ली म्हणजे व्यवस्थापक लागतात. असे शेकडो खरे वक्फ पॅलेस्टाइनमध्ये आहेत; पण अख्खा देश वक्फ करण्यात एका राजकीय भूमिकेला धर्माचे कुलूप लावले गेले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अल्जीअर्समध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या राज्यघोषणेने या भूमीला तीन एकेश्वरी धर्मांची भूमी म्हटले आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९४७च्या फाळणी ठरावाचाच कायदेशीर आधार घेतला.

१९४८मध्ये सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्या परतीचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावावर उभा आहे आणि त्याचा पुरावा अगदी ऐहिक आहे: घराची किल्ली, करपावती, तुर्की किंवा ब्रिटिश काळातला ताबू म्हणजे मालकीचा उतारा. १९५०च्या इस्रायली ‘अनुपस्थितांची मालमत्ता’ कायद्याने या मालमत्ता सरकारी ताब्यात गेल्या. त्याच वर्षीच्या परतीच्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला.

एलोन मोरे खटला आणि त्यानंतर

पोथीतला दावा न्यायालयात गेला की काय होते, हे १९७९मध्ये दिसले. नाब्लुसजवळच्या रुजैब गावची सुमारे ७०० दुनम जमीन (१ दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, जवळजवळ १० गुंठे) इस्रायली लष्कराने गुश एमुनीमच्या वसाहतीसाठी ताब्यात घेतली. व्याप्त प्रदेशातील खासगी जमीन लष्करी गरजेसाठीच आणि तात्पुरती घेता येते, म्हणून सरकारने सुरक्षेचे कारण दिले. गावातल्या मालकांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. माजी सरसेनापती हाइम बार-लेव्ह यांनी या वसाहतीचा सुरक्षेला उपयोग नाही असे प्रतिज्ञापत्र दिले. सरकारी बाजूचा खरा घात मात्र वसाहतवाल्यांनीच केला. आम्ही इथे सुरक्षेसाठी नाही, भूमीचा ताबा घेऊन वसण्याच्या ईश्वरी आज्ञेने आलो आहोत आणि कायमचे राहणार आहोत, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिले. कायम राहायचे तर जप्ती तात्पुरती नाही, आणि हेतू धार्मिक तर गरज लष्करी नाही. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने जप्ती रद्द केली.

वसाहत जवळच्या दुसऱ्या डोंगरावर गेली आणि सरकारने मार्ग बदलला. धर्म आणि सुरक्षा दोन्ही बाजूला ठेवून १८५८चा ऑटोमन (तुर्की) जमीन कायदा हाती घेतला. त्यानुसार मिरी जमीन (मूळ मालकी राज्याची, कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा) सलग दहा वर्षे कसली तर कसणाऱ्याचा हक्क लागतो. तीन वर्षे सबळ कारणाशिवाय पडीक ठेवली तर ती सरकारजमा होऊ शकते. गावाच्या टोकाला उभे राहून मारलेली मोठी हाक पोहोचत नाही, म्हणजे दीड मैल किंवा अर्ध्या तासाच्या चालीपलीकडची ओसाड जमीन मवात, तीही सरकारची. ‘राज्य जमीन’ असे जाहीर झाल्यावर हरकतीला ४५ दिवस मिळतात आणि पुराव्याचा भार कसणाऱ्यावर असतो.

इथेच बहुतेक गावकरी हरतात. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याच्या (वेस्ट बँक) सुमारे एक तृतीयांश जमिनीचीच हक्कनोंदणी १९६७पर्यंत पुरी झाली होती. १९६८च्या लष्करी आदेशाने ती थांबवली. बाकीच्यांकडे सातबाऱ्यासारखा पक्का उतारा नाही, जुन्या करनोंदी आहेत. कर आणि लष्करभरती चुकवण्यासाठी आजोबा-पणजोबांनी क्षेत्र कमी लिहिलेले असते. शिवाय डोंगरउतारावर खडकांच्या मधल्या बेचक्यांत शेती होते. हवाई छायाचित्रात तुकड्याचा निम्म्याहून कमी भाग कसलेला दिसला की दावा बुडतो. ज्या ताब्यामागची प्रेरणा पोथीतली, त्याचे कागद अशा रीतीने तुर्की महसूल कायद्याचे झाले.

बेने इस्रायल

‘कोणाची भूमी’ या प्रश्नाला ‘कोण ज्यू’ हा प्रश्न जोडलेला आहे, आणि त्याची झळ मराठी बोलणाऱ्या समाजालाही लागली. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आलेल्यांचे वंशज अशी परंपरा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले हे शनवार तेली म्हणजेच बेने इस्रायल. १९४८नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. दिमोना, लोद, अशदोद इथे त्यांची मोठी वस्ती आहे. परतीच्या कायद्याने त्यांना ज्यू म्हणून आत घेतले. पण विवाह १९५३च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत, आणि कोकणात धर्मशास्त्रोक्त घटस्फोटपत्राची चाल नव्हती म्हणून संततीच्या शुद्धतेबद्दल शंका काढली गेली. १९६२मध्ये प्रमुख रब्बी निस्सीम यांच्या कार्यालयाने विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. म्हणजे राज्याच्या दारातून ज्यू म्हणून आलेला माणूस लग्नाच्या मांडवात संशयित ठरला. धरणी, उपोषणे झाली. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेने बेने इस्रायल सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे ठरावाने सांगितले आणि रब्बींच्या मंडळाला निर्देश बदलावे लागले.

जमीन सोडण्याचा अधिकार

इहवादी दावा राज्याचा असतो, म्हणून तो करारात कमी-जास्त करता येतो. धार्मिक दाव्याला दाता देव असल्याने सही करणारा सापडत नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७९मध्ये निर्णय दिला की भूभाग दिल्याने खरोखर युद्ध टळून जीव वाचत असतील तर तो देता येतो, कारण जीवरक्षण बहुतेक आज्ञांच्या वर आहे. झ्वी येहुदा कूक यांनी नेमकी उलटी बाजू धरली. इस्लामी परंपरेतही हुदना म्हणजे ठरावीक मुदतीच्या युद्धविरामाची सोय आहे, आणि हमासने १९६७च्या सीमांविषयी वेळोवेळी केलेली विधाने त्या चौकटीत वाचावी लागतात.

सर्वांत अवघड तुकडा सुमारे १४४ दुनमचा: मुसलमानांचे हरम अल-शरीफ, ज्यूंचा मंदिर डोंगर. जून १९६७मध्ये इस्रायलचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आतला कारभार इस्लामी वक्फाकडेच ठेवला. प्रमुख रब्बींनी त्याच वर्षी ज्यूंना आत जाण्यास मनाई केली. प्राचीन मंदिराच्या गाभाऱ्याची नेमकी जागा माहीत नाही आणि शुद्धीसाठी लागणारी लाल कालवडीची राख नाही, म्हणून. निव्वळ धर्मशास्त्रातून आलेल्या या मनाईने कित्येक वर्षे तिथली शांतता राखायला मदत केली. २००० सालच्या जुलैमध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांची कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली, त्यात या जागेचा वाटा मोठा होता. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी मांडलेल्या एका पर्यायात पृष्ठभाग पॅलेस्टिनी सार्वभौमत्वाखाली, तर पश्चिम भिंत आणि तिच्याशी जोडलेली पवित्र जागा इस्रायलकडे अशी विभागणी होती. हरमच्या खाली आणि भिंतीमागे उत्खनन दोघांच्या संमतीशिवाय करायचे नाही, अशीही अट सुचवली होती. दोन्ही बाजूंनी हरकती जोडून तत्त्वतः होकार दिला आणि जानेवारी २००१मध्ये इजिप्तमधील ताबा या गावी झालेल्या चर्चेनंतर विषय तिथेच थांबला.