बडोद्याचा नळ, बडोद्याचं प्लास्टिक आणि स्टेजवरची बाटली

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात एक सेमिनार झाला. स्टेजवर सहा पाहुणे, प्रत्येकासमोर २०० मिलीची पाण्याची बाटली आणि विषय पर्यावरण (हसू नका). सगळं आटोपल्यावर वर जाऊन बघितलं तर सहाच्या सहा बाटल्यांचं सील तोडलेलं, दोन-दोन घोट घेतलेले, बाकी पाणी तसंच. साफसफाईच्या मावशींनी ते पाणी कुंड्यांत ओतलं, बाटल्या चपलेखाली चेपल्या, चेपलेल्या असतानाच झाकणं परत घट्ट लावली म्हणजे पुन्हा फुगत नाहीत आणि पोत्यात जास्त मावतात, आणि पोतं कोपऱ्यात ठेवून दिलं, पस्तीवाल्यासाठी, म्हणजे भंगारवाल्यासाठी. मी विद्यार्थी होतो तेव्हा स्टेजवर स्टीलचा जग असायचा आणि त्यावर उपडा ग्लास. तो जग गेला कधी आणि ही बाटली आली कुठून, हे शोधत बसलो तर गोष्ट फिरून फिरून बडोद्यातच येते.

सुरुवात नळापासून. सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आजव्याचा तलाव बांधून घेतला, सयाजी सरोवर. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर, पावागडाकडून येणारं पाणी मातीच्या धरणात अडवायचं आणि शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे ते आपल्या उतारानेच पाइपातून खाली आणायचं. पुढे शहर वाढलं तसं मही नदीत फ्रेंच वेल आल्या, म्हणजे नदीच्या पात्रात खोल गोल विहीर आणि तळाशी चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पाइप, वाळूतूनच पाणी गाळून आत येतं. बडोदा कॉलेज १८८१ चं आणि एमएस युनिवर्सिटी १९४९ ची, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. म्हणजे युनिवर्सिटी झाली तेव्हा गावात नळ येऊन अर्धशतक उलटलेलं होतं. जिथे नळ नाही तिथे परब होती, रांजण, वर ताट, लांब दांड्याचं ओगराळं. आमच्या घरात अजूनही पाणपोई कुणी म्हणत नाही, परबच म्हणतात. पाणी विकत घ्यायचं असतं ही कल्पनाच आजीला पचली नव्हती, तिच्या मते पाणी विकणारा माणूस पुढच्या जन्मी कोण होतो ते ती सांगायची, ते इथे लिहीत नाही.

आता प्लास्टिक. १९६५ च्या सुमारास बडोद्याजवळ कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिचा इथला पहिला कारखाना चालू झाला, त्यात डीएमटी बनायचं. डीएमटी म्हणजे पॉलिएस्टरचा कच्चा माल, तेव्हा तो सगळा कापडासाठी, टेरिलीन, टेरिकॉट, आपल्या बाबांच्या न चुरगळणाऱ्या पँटी. पण पेट नावाचं जे प्लास्टिक आहे ते रसायन म्हणून पॉलिएस्टरच, फक्त धाग्याऐवजी बाटलीच्या आकारात. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्येच ते शोधलं होतं, पण त्याची बाटली कुणाला जमत नव्हती. ती जमवली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या नॅथॅनियल वायथने. (अँड्र्यू वायथ या चित्रकाराचा हा भाऊ, फाइन आर्ट्सवाल्यांना नाव ओळखीचं वाटेल.) त्याने म्हणे एकदा डिटर्जंटच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचा सोडा, भरून फ्रीजमध्ये ठेवलं आणि बाटली टम्म फुगली, तिथून तो गॅस सहन करील अशा बाटलीच्या मागे लागला आणि पेटंट मिळालं १९७३ मध्ये. तेच वर्ष! इथे डीएमटी सुरू झालं ते वर्ष. योगायोग आहे, त्यात जास्त काही नाही, पण मला तो सोडवत नाही.

म्हणजे बाटली बनली ती सोड्यासाठी, पाणी नंतर घुसलं तिच्यात. आपल्याकडे बिसलेरी १९६५ मध्ये मुंबईत आली, काचेच्या बाटलीत, मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्या लोकांसाठी. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी ती ४ लाखांना घेतली आणि त्यांचाही इरादा म्हणे मुख्यतः सोडा विकायचा होता. पुढे काच जाऊन पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक आलं, मग पेट. १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का वगैरे कोका-कोलाला विकल्यावर चौहानांच्या हातात उरलं ते पाणी, मग त्यांनी सगळा जोर पाण्यावर लावला. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी अ‍ॅक्वाफिना आणि किनली पण उतरल्या आणि २००३ मध्ये रेल्वेनेच रेल नीर काढलं. ह्यात बडोद्याचं एक आहे की स्टेशन आणि युनिवर्सिटी जवळजवळ समोरासमोर, स्टेशनवर जे विकायला लागतं ते शेजारच्या सयाजीगंजच्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, यायला काही वेळ लागत नाही. त्यात पाउच आले, एक रुपयात दात लावून फाडायचे आणि पिऊन झाले की तिथेच टाकायचे.

पण नुसत्या जाहिराती आणि स्टेशनमुळे हे झालं असं म्हणणं सोपं आहे, मला ते अर्धंच खरं वाटतं. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा आमच्या घरी पाणी उकळायला सुरुवात झाली. प्लेगचा आणि नळाच्या पाण्याचा संबंध शून्य, पण भीती कुठे एवढा विचार करते, आणि प्लेग गेला तरी उकळायची सवय गेली नाही, मग फिल्टर, मग आरओ. कॉलेजात कुलर होता, दोन नळांपैकी एक कायम बंद, दुसऱ्याखाली शेवाळ आणि साखळीला बांधलेला ग्लास, तक्रार केली की पुढच्या आठवड्यात. माझ्या बरोबरच्या मुलींनी त्या कुलरचं पाणी प्यायलेलं मी तीन वर्षांत पाहिलं नाही. ज्याच्या खिशात पैसे तो बाटली घ्यायचा, नसतील तो घरून मिल्टनची आणायचा किंवा तहानलेला बसायचा. बाटली बहुतेक कॅम्पसवर अशीच शिरली असणार, बंद पडलेल्या कुलरच्या दारातून. आणि बाटलीतलं पाणी तरी शुद्ध म्हणावं तर त्याला आयएसआय मार्क सक्तीचा झाला २००१ मध्ये, आणि २००३ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने बाटल्या तपासल्या तर नामांकित ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश निघाले. आता २०२४ मध्ये कोलंबिया युनिवर्सिटीच्या लोकांनी मोजलं तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण, बहुतेक नॅनो आकाराचे.

कॅम्पसवर बाटलीच बंद करा ही मागणी मात्र परदेशातून आली, २००९ च्या आसपास. अमेरिकेत सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिवर्सिटी, कॅनडात विनिपेग, दोघांनी त्याच वर्षी पाण्याच्या बाटल्या विकणं थांबवलं, ऑस्ट्रेलियात बंडनून नावाच्या अख्ख्या गावानेच. तिथे नळाचं पाणी पिण्याजोगं असतं हे लक्षात घ्या, त्यामुळे भांडण सोपं होतं. तरी सगळं सरळ झालं नाही. व्हरमाँट युनिवर्सिटीने जानेवारी २०१३ पासून पाण्याच्या बाटल्या बंद केल्या, जागोजागी बाटली भरायचे नळ लावले आणि नंतर दोघा संशोधकांनी आकडे काढले तर माणशी बाटल्या कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या! कारण शेल्फवरून फक्त पाणी काढलं, कोल्ड्रिंक आणि ज्यूस तिथेच होते, पोरांनी तेच उचललं. पाणी गेलं, साखर आली, प्लास्टिक तेवढंच किंवा जास्त. हा निकाल २०१५ मध्ये छापून आला आणि बाटल्या विकणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. माझ्या मते त्यातून एवढंच कळतं की बंदी घालायची तर ती बाटलीवर घालावी लागते, पाण्यावर नाही.

आपल्याकडे सुरुवात सिक्कीमने केली, लाचेन गावाने २०१२ मध्ये, मग २०१६ मध्ये राज्याने सरकारी ऑफिस आणि कार्यक्रमांतून बाटल्या काढल्या आणि २०२२ पासून सगळीकडून. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ मध्ये विद्यापीठांना कॅम्पस प्लास्टिकमुक्त करायला सांगितलं. मग १ जुलै २०२२ ला देशभर जी सिंगल-यूजची बंदी आली तिच्यात स्ट्रॉ, काटे-चमचे, ताटल्या, कानातल्या काड्या, फुग्यांच्या काड्या सगळं आहे, बाटली नाही. कारण पेट प्लास्टिकला भंगारात भाव मिळतो, बाटली वेचली जाते, म्हणून तिला कंपन्यांच्या जबाबदारीच्या खात्यात टाकलंय, म्हणजे कचरा गोळा करून रिसायकल करायचं काम कंपन्यांचं. म्हणजे कॅम्पसवर बाटली बंद करायची तर कायदा पाठीशी नाही, प्रिन्सिपॉलची सहीच हवी.

आमच्याकडे ती सही झाली, निदान स्टेजपुरती. ह्या वर्षीच्या सेमिनारला स्टीलचे जग आले, नवे कोरे, स्टिकर सुद्धा काढलं नव्हतं. एका पाहुण्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला, मग वास घेतला, मग आपल्या पिशवीतून बाटली काढली. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी मावशी रिकामं पोतं घेऊन दारात उभ्या, "सर, आज बाटल्या नाय निघाल्या काय?"

एक निघाली, म्हटलं.