कोपराचा बाक आणि त्याचं ऑपरेशन

लहानपणी कोपराजवळ हाड मोडलं आणि ते वाकडंच जुळलं की हात सरळ केल्यावर मनगटाकडचा भाग अंगाकडे वळलेला दिसतो, यालाच डॉक्टर लोक क्युबिटस व्हॅरस म्हणतात, आणि आकार बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसतो म्हणून गनस्टॉक डिफॉर्मिटी असंही नाव आहे. एरवी तळहात पुढे करून हात सरळ सोडला तर मनगट अंगापासून साधारण ५ ते १५ अंश बाहेरच जातं, तो कॅरिंग अँगल. इथे तो उलटा होतो.

मूळ बहुतेक वेळा सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरमध्ये असतं, म्हणजे दंडाचं हाड कोपराच्या जरासं वर मोडणं. साधारण ५ ते ७ वर्षांची मुलं हात टेकून पडली की हेच मोडतं: झोका, सायकल, ओटा, आणि बडोद्यात उत्तरायणाला गच्चीवर पतंगामागे धावताना जे होतं ते वेगळं सांगायला नको. खालचा तुकडा आत झुकतो, आत फिरतो पण, आणि तसाच जुळतो. हाडाची वाढ थांबल्यामुळे वाकडं झालं असं घरोघरी सांगतात, पण ते क्वचितच, खरं कारण चुकीच्या जागी जुळणं. आणि मोठा झाला की आपोआप सरळ होईल ही आशाही सोडलेली बरी, कारण दंडाच्या लांबीतली जेमतेम २० टक्के वाढ कोपराकडच्या टोकाला होते, पुढे-मागे राहिलेला बाक थोडाफार भरतो, बाजूचा नाही.

शहरात हाडवैदाकडे नेणारे अजून आहेत. घट्ट पाटा बांधून रक्तपुरवठा अडला तर बोटं कायमची आखडू शकतात, ते या बाकापेक्षा कितीतरी वाईट. चोळण्याने तर स्नायूत हाड तयार होऊ शकतं.

आता ऑपरेशन का करायचं, कारण हात बहुतेकांचा नीट वाकतो, दुखतही नाही. मुख्य कारण दिसणं, आणि ते क्षुल्लक आहे असं म्हणणाऱ्यांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट टाळणाऱ्या पोराला एकदा विचारावं. पण तेवढंच नाही, बऱ्याच वर्षांनी कोपराच्या बाहेरचे लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडून सांधा निसटल्यासारखा वाटू शकतो, काहींना करंगळीकडे मुंग्या येतात. उलट बाजूचा बाक, क्युबिटस व्हॅल्गस, बाहेरचा कॉन्डाइल, म्हणजे दंडाच्या हाडाचा कोपराकडचा बाहेरचा फुगवटा, मोडून न जुळल्याने येतो आणि त्यात अल्नर नर्व्ह, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस, ताणली जाऊन करंगळीच्या मुंग्या जास्त ठरलेल्या.

पद्धती बऱ्याच. सगळ्यात जुनी आणि सोपी म्हणजे बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट मिटवणं. फ्रेंच या सर्जनने १९५९ साली सांगितलेल्या पद्धतीत आतली बाजू पूर्ण न कापता बिजागरीसारखी ठेवतात आणि बाहेर दोन स्क्रू लावून त्यांच्याभोवती तार आवळतात, मुलांमध्ये के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक तारा, पण चालतात. पाचर किती हे दोन्ही कोपरांचे एक्सरे शेजारी ठेवून आधीच मोजतात. तोटा असा की कोपराच्या बाहेर एक उंचवटा राहतो आणि मग घरचे विचारतात सरळ झालं तरी हे काय, म्हणून काही सर्जन डोम (कमानीसारखी) किंवा स्टेप-कट (पायरीसारखी) ऑस्टिओटॉमी, म्हणजे हाड कापून जुळवणं, करतात, ती अवघड. आतून फट उघडून हाड भरणंही आहे, पण त्यात अल्नर नर्व्ह ताणली जाते.

घाई नसते. फ्रॅक्चरनंतर निदान वर्षभर थांबून, हालचाल पूर्ण परत आल्यावरच करतात. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल, म्हणजे १९४९ साली सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजला जोडलेलं सरकारी, इथेही ऑर्थोपेडिक विभाग आहे. धोके असतातच: नर्व्हला तात्पुरता धक्का, इन्फेक्शन, तार ढिली होऊन बाक परत येणं. प्लास्टर साधारण ४ ते ६ आठवडे, ते निघाल्यावर कोपर थोडं आखडलेलं असतं, मूल खेळता खेळता आपोआप सोडवतं, ओढून वाकवायचं नाही आणि आजीने तेल घेऊन बसायचं तर मुळीच नाही.