आयरिश पणजोबांचे कागद खरंच जळाले का?

‘१९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये आयर्लंडचं सगळं दप्तर जळालं, आता फौजेतल्या पणजोबांचा माग कुठला लागायला!’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. आग खरी; फोर कोर्ट्‌स ही न्यायालयांची इमारत, तिथेच सरकारी दप्तरखाना होता. जनगणनेचे नि चर्चचे ढीगभर कागद गेले, तेही खरं. पण ब्रिटिश फौजेचं दप्तर तिथे नव्हतंच. ते लंडनच्या वॉर ऑफिसचं, म्हणजे युद्धखात्याचं. आज ते लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्‌जमध्ये आहे, डब्लिनच्या किल्मेनहॅम या लष्करी रुग्णालयाकडून पेन्शन घेणाऱ्या शिपायांच्या कागदांसकट. पेन्शनीत निघालेल्या शिपायाच्या कागदावर जन्माचा पॅरिश (चर्चचा इलाखा), मूळ धंदा, उंची, कधीकधी डोळ्यांचा रंगसुद्धा मिळतो. (नोकरीतच वारला असेल, तर हजेरीपट चाळायची तयारी ठेवा.) ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता? मग ब्रिटिश लायब्ररी. पहिल्या महायुद्धातले बरेच कागद मात्र खरंच जळाले, पण लंडनमध्ये, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात.