जुना बर्फ सुटतो तेव्हा

“आर्क्टिकचा बर्फ वितळतोय, म्हणजे उत्तरेकडे जहाजांना आता रान मोकळं,” असं परवा एका चर्चेत ऐकलं आणि राहवलं नाही.

मे २०१७ च्या अखेरीस कॅनडाच्या तटरक्षक दलाचं ‘आमुंडसेन’ हे बर्फ फोडत जाणारं आइसब्रेकर जहाज शास्त्रज्ञांना घेऊन हडसन उपसागराकडे निघालं होतं. विषय होता हवामानबदल. पण जहाजाला कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलँड बेटाच्या ईशान्य किनाऱ्याकडे वळावं लागलं, कारण तिथे वाहत आलेल्या बर्फात मासेमारी नौका अडकल्या होत्या. हा भाग अक्षांशाने लंडनच्या आसपासचा, आणि महिना वसंताचा! काही ठिकाणी बर्फाची जाडी आठ मीटरपर्यंत होती. मोहिमेचा पहिला टप्पा रद्द झाला. शास्त्रज्ञांनी तोच बर्फ तपासला, तर त्यात उत्तर ध्रुवाकडून आलेला, अनेक वर्षांचा जुना बर्फ निघाला.

जुना आणि नवा यात एवढा फरक का, तर मिठामुळे. आइसक्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकतात, कारण खारं पाणी सहज गोठत नाही. समुद्राचं पाणीही शून्याखाली १.८ अंशांवर गोठतं. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना धरून स्फटिक रचतात, आणि त्या रचनेत मिठाच्या आयनांना जागाच नसते. मीठ बाहेर ढकललं जातं. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, इथे अगदी उलट. पण सगळं मीठ निसटत नाही. काही अतिखारं पाणी बारीक कप्प्यांत अडकतं आणि द्रवच राहतं. म्हणून पहिल्या वर्षीचा बर्फ आतून सच्छिद्र असतो, त्या मानाने लवकर फुटतो. उन्हाळ्यात वरचं वितळलेलं गोडं पाणी या कप्प्यांतून झिरपतं आणि खारं पाणी धुऊन नेतं. दोन-तीन उन्हाळे काढलेला बर्फ जवळजवळ गोडा होतो. वितळवून पिता येतो, आणि टणक इतका की मासेमारी नौकेची काय कथा!

हा जुना बर्फ उत्तरेकडेच अडून राहायचा कसा? पेरणीच्या पाभरीवरच्या चाड्यात मूठभर बी एकदम टाकलं की दाणे एकमेकांना रेटून तुंबतात. ग्रीनलंड आणि एल्समिअर बेटांमधल्या नेर्स सामुद्रधुनीत हिवाळ्यात बर्फाची अशीच कमान धरते. बर्फ पातळ झाला की कमान कच्ची पडते, आणि मागे अडलेला जुना बर्फ दक्षिणेकडे सुटतो. २००७ साली ती धरलीच नाही. किनाऱ्यावर बर्फ दिसला की ‘तापमानवाढ हे थोतांड’ असे मेसेज फिरतात. तो बर्फ कुठून सुटून आला, एवढं तरी ते पाठवणाऱ्यांनी विचारावं.

पुढचं काम दक्षिणेकडे वाहणारा थंड लॅब्राडोर समुद्रप्रवाह आणि वारा करतात. मोकळा बर्फ साधारण वाऱ्याच्या वेगाच्या दोन टक्के वेगाने सरकतो. ताशी ५० किलोमीटरचा ईशान्य वारा रात्रभर राहिला, तर संध्याकाळी दहा-बारा किलोमीटर दूर असलेला बर्फ सकाळी बंदराच्या तोंडाशी. नैर्ऋत्य वारा तोच बर्फ खुल्या समुद्रात लोटतो.

म्हणून तिथे निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज आणि बर्फाचा नकाशा दोन्ही बघावे लागतात. नकाशावर अंड्याच्या आकाराची खूण असते. सगळ्यात वर, दहापैकी किती भाग बर्फ तो आकडा. वरून तिसऱ्या ओळीत बर्फाचं वय. तिथला नुसता ७ म्हणजे यंदाचा पातळ बर्फ. त्याच ७ पुढे टिंब आलं, तर तो जुना.