आर्ट ब्लॉकवरचे स्केचबुकातले खेळ आले कुठून?

काही सुचत नाहीये, हात चालत नाहीये अशी तक्रार केली की हल्ली ठरलेले उपाय सांगितले जातात. कागदावर चहाचा डाग पाड आणि त्यात प्राणी शोध, कागदाकडे न बघता समोरच्याचा चेहरा काढ, नाहीतर कागद दुमडून तिघांनी मिळून एक विचित्र माणूस काढा. रील्समध्ये हे सगळं कालपरवा निघाल्यासारखं दाखवतात, पण डागाचा खेळ पाचशे वर्षं जुना आहे आणि त्यावरचं भांडणही तेवढंच जुनं.

लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत सल्ला आहे की डाग पडलेल्या भिंती, रंगीबेरंगी दगड नीट बघत बसा, त्यात डोंगर दिसतील, नद्या दिसतील, लढाया दिसतील. पण त्याच टिपणांत बोत्तिचेल्ली या समकालीन चित्रकाराला टोमणाही मारलाय. रंगात बुडवलेला स्पंज भिंतीवर फेकला की त्या डागात निसर्गचित्र दिसतंच, मग ते वेगळं शिकायचं कशाला, असं बोत्तिचेल्ली म्हणायचा म्हणे. लिओनार्दोचं उत्तर असं की डागातून कल्पना मिळते, पण ती तडीस कशी न्यायची ते डाग शिकवत नाही, आणि म्हणूनच या गृहस्थाची निसर्गचित्रं सुमार आहेत. आजच्या बहुतेक रील्सना हे उत्तर जसंच्या तसं लागू पडतं असं मला वाटतं.

या कल्पनेची पद्धतशीर रीत बसवली अलेक्झांडर कोझेन्सने. जन्म रशियातला, धंदा इंग्लंडमध्ये चित्रकला शिकवण्याचा. एकदा एका हुशार विद्यार्थ्याशी बोलताना तो कुरकुरत होता की मनातलं निसर्गचित्र पटकन बाहेर काढायची काही सोपी युक्तीच नाही, आणि बोलता बोलता हाताशी पडलेल्या एका मळक्या कागदावर पेन्सिलीने गिरवत होता. मग लक्षात आलं की कागदावरचे डाग त्याच्या नकळत हाताला दिशा देतायत. यातून पुढे 1785 च्या सुमाराला पुस्तक आलं. त्यातली रीत अशी: मनात विषय ढोबळ ठेवायचा, मोठा ब्रश शाईत बुडवायचा आणि भराभर डाग टाकायचे, हवं तर कागद आधी चुरगळून घ्यायचा म्हणजे सुरकुत्यांमुळे आकार आणखी अनपेक्षित येतात. मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून डागांतले कामाचे आकार तेवढे उचलायचे, डागात नाही ते शक्यतो घालायचं नाही, आणि शेवटी वॉश, म्हणजे पातळ शाईचे थर, देऊन चित्र पुरं करायचं. समकालीनांनी त्याची टर उडवली, एकाने तर त्याला गावाचा डाग-सेनापती ठरवून टाकलं. पण बघा, पारदर्शक कागदाची पायरी म्हणजे लिओनार्दोच्या आक्षेपाचं उत्तरच होतं, आणि आज हा खेळ सांगताना नेमकी तीच पायरी गळते.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण रवींद्रनाथांचं. 1900 मध्ये त्यांनी जगदीशचंद्र बोसांना पत्रात लिहिलं होतं की मी स्केचबुक घेऊन चित्रं काढत बसलोय, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या करता करता ज्यांनी खोडरबर झिजवलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मग 1924 मध्ये ते अर्जेंटिनात आजारपणामुळे अडकले, व्हिक्टोरिया ओकाम्पो या तिथल्या लेखिकेच्या पाहुणचारात राहिले, आणि तिथे ‘पूरबी’तल्या कविता लिहिताना वहीत जी खोडाखोड व्हायची ती एकमेकांना जोडून तिचे पक्षी, राक्षसी जनावरं, चेहरे करायला लागले. अशी खोडाखोड ते आधीही रंगवायचे, पण ओकाम्पोला ती वही बघून भुरळ पडली, आणि मे 1930 मध्ये पॅरिसला गॅलरी पिगालमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं त्यात तिचाच पुढाकार होता. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि पुढे दोन हजारांवर चित्रं झाली. स्केचबुक समोर ठेवून ठरवून बसले तेव्हा जमलं नव्हतं, चित्र काढायचंच नव्हतं तेव्हा जमलं.

त्याच काळात पॅरिसमधले सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि नकळत मनातून येणारं ते कलेत आणू पाहणारे कलावंत, मुद्दाम असेच खेळ खेळत होते. दुमडलेल्या कागदाचा खेळ 1925 च्या आसपासचा, एकाने डोकं काढायचं, दुमडायचं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. आधी तो वाक्यांचा होता, मग चित्रांत आला. ऑगस्ट 1925 मध्ये त्यांच्यातलाच चित्रकार माक्स एर्न्स्ट फ्रान्समधल्या पोर्निक या समुद्रकाठच्या गावी एका खानावळीत होता, बाहेर पाऊस, आणि घासून घासून रेषा उठलेल्या लाकडी जमिनीवरून त्याची नजर हटेना. त्याने तिच्यावर कागद टाकले, शिसं घासलं आणि उमटलेल्या पोतातून जंगलं, जनावरं काढली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा खेळ आपण सगळेच खेळलोय, तोच हा.

चित्रकार पाउल क्लेने बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसाठीचं पुस्तक काढलं तेही 1925 मध्येच, आणि त्याची सुरुवातच कुठेही पोचायची घाई नसलेल्या, नुसत्या फिरायला निघालेल्या रेषेने होते. आपल्या जे.जे.तल्या चित्रकार गायतोंडेंवर क्लेचा प्रभाव होता हे जाणकार सांगतातच.

कागदाकडे न बघता काढायचा प्रकार मात्र गंभीर अभ्यासातून आलाय. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडीसचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1941 मध्ये आलं. पेन्सिलीचं टोक कागदावर नाही तर मॉडेलच्या अंगावरच टेकलंय असं समजायचं आणि नजर जिथे सरकेल तिथेच, तितक्याच हळू हात सरकवायचा. चित्र वेडंवाकडं येणारच, पहिल्या पाच हजार चुका जितक्या लवकर होतील तितकं बरं असं त्याचं मत होतं.

एवढ्या सगळ्यात ‘अडकलेपण’ हाच विषय घेऊन कोणी लिहिलं असेल तर मॅरियन मिल्नरने. ही लंडनची मनोविश्लेषक, फावल्या वेळात रंगवायची, आणि ठरवून काढलेली चित्रं मेलेली का येतात हे कळेना म्हणून हात नेईल तिकडे रेखाटत गेली आणि नंतर ती रेखाटनं एकेक करून तपासली. 1950 च्या तिच्या पुस्तकात त्यातली कितीतरी छापली आहेत. डाग टाकायचा आणि मग त्याच्याकडे परत बघायचं, ही कोझेन्सचीच दुसरी पायरी झाली की.

इंटरनेटवर आल्यावर खेळाची चाल बदलली. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःचं शाईकाम सुधारावं, रोज काढायची सवय लागावी म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायचं ठरवलं, तेच इंकटोबर. नंतर रोजच्या शब्दांची यादी आली, हॅशटॅग आले, आणि आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागे पडलेली मंडळी राहिलेली चित्रं एका रात्रीत उरकत बसतात, मागे वळून बघायला वेळच नसतो.