जपानची जुनी अग्निसाधने आणि राखेची अवजारे

जपानी घरात विस्तव पेटवणे, निखारे उचलणे, ते राखेखाली जपणे आणि शेवटी विझवणे यांसाठी वापरली जाणारी हत्यारे. आज जुन्या बाजारांत आणि लिलावांत मिळणाऱ्या बहुतेक वस्तू एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या असतात. त्यांत राखेची अवजारे पेटवण्याच्या साधनांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात, आणि त्यात नवल नाही. विस्तव रोज नव्याने पेटवण्याऐवजी तो टिकवून धरण्याकडे घराचा कल असे. रात्री निखारे राखेत पुरायचे आणि सकाळी राख बाजूला सारून त्यांवर नवा कोळसा ठेवायचा. अशा पुरलेल्या निखाऱ्यांना ‘उझुमिबी’ म्हणतात. राखेतून उष्णता सावकाश बाहेर पडते आणि निखाऱ्याला हवाही बेताचीच मिळते, त्यामुळे तो रात्रभर धुमसत राहतो.

विस्तव पूर्ण विझला तरच चकमकीची पाळी येई. तिचा दगड ‘हिउची-इशी’ आणि पोलाद ‘हिउची-गाने’. दगड गारेचा, चर्टचा किंवा अकीकाचा. त्याच्या कडक धारेवर पोलाद घासले की पोलादाचे बारीक कण सुटतात आणि हवेत पेट घेतात. म्हणजे ठिणगी दगडाची नसून पोलादाची असते, आणि जुन्या वस्तूची ओळख पटवताना हे लक्षात ठेवावे लागते. बरीच वापरलेली हिउची-गाने कडेच्या मधोमध झिजून आत वळलेली असते. धार सरळ आणि तासलेली असेल तर ती वस्तू एक तर वापरलीच गेली नाही किंवा चकमकच नाही. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार म्हणजे हातात मावेल अशा लाकडी फळीत बसवलेली पोलादाची पट्टी. विक्रेते तिला चामडे खरवडायचे किंवा भाजी चिरायचे पाते म्हणून खपवतात. फळी नसलेल्या प्रकारात लोखंडाची टोके पिळून वर वळवलेली असतात. काहींवर ‘योशिई’ ही अक्षरे कोरलेली दिसतात. आजच्या गुन्मा प्रांतातील योशिई गावच्या पोलादाची एदो शहरात (आजचे तोक्यो) मोठी ख्याती होती. पण त्या नावाची चकमक आजही बनते आणि विकली जाते. तेव्हा अक्षरे दिसली म्हणून वस्तू जुनीच, असे समजू नये.

ठिणगी झेलायला ‘होकुची’ लागे. पाणकणसाचा कापूस किंवा जाळून काळे केलेले सुती कापड ती ठिणगी धरून ठेवी. ती धुमसू लागली की तिला ‘त्सुकेगी’ लावायची. त्सुकेगी म्हणजे टोकाला गंधक लावलेली लाकडाची पातळ पट्टी. हा सारा सरंजाम ‘होकुची-बाको’ या लाकडी पेटीत राही. पेटीत साधारणपणे दोन कप्पे असतात, एक दगड-पोलादाचा आणि दुसरा होकुचीचा. होकुचीच्या कप्प्यावर आत घट्ट बसणारे वेगळे झाकण असते. पुरता विस्तव मिळाला की ते दाबून होकुची विझवायची, म्हणजे उरलेली पुढच्या वेळी कामी येते. पेटी हातात आली की प्रथम हे आतले झाकण शोधावे. ते हरवले असेल तर कप्प्याच्या तळाला करपलेले डाग आहेत का ते पाहावे. डाग नसतील तर पेटी मसाल्याचीही असू शकते. प्रवासात हेच सामान कमरेच्या थैलीत, ‘हिउची-बुकुरो’त असे. इ. स. ७१२च्या ‘कोजिकी’ या पुराणेतिहासाच्या ग्रंथात यामातो ताकेरू या राजपुत्राला त्याची मावळण अशी थैली देते. पेटत्या गवताने वेढले असता तो तीतल्या चकमकीने समोरून उलट आग लावतो आणि निसटतो. कातडी थैलीच्या खालच्या कडेला धनुष्याकार पोलाद जडवलेल्या चकमकी मात्र तिबेट-मंगोलियाकडच्या असतात. त्या जपानी म्हणून सर्रास विकल्या जातात.

१८७५ मध्ये शिमिझु माकोतो याने तोक्योत आगकाड्या बनवायला घेतल्या आणि पुढच्या काही दशकांत चकमक स्वयंपाकघरातून गेली. जपानी काडेपेट्या हिंदुस्थानातही येत आणि इथल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या लेबलांवर देवादिकांची चित्रे छापलेली असत. चकमक पूर्णपणे गेली मात्र नाही. घराबाहेर पडणाऱ्याच्या पाठीशी ठिणग्या पाडून त्याला निरोप द्यायची ‘किरिबी’ ही प्रथा गेइशा आणि कथाकथनकार यांच्यात अजून दिसते.

राखेच्या अवजारांचे केंद्र म्हणजे ‘हिबाची’. हे चिनी मातीचे, लाकडाचे वा धातूचे भांडे राखेने भरलेले असते आणि राखेवर कोळशाचे निखारे असतात. त्याच्या तळाशी हवेचे भोक नसते. भोक असेल तर ती स्वयंपाकाची शेगडी ‘शिचिरिन’ आहे, विक्रेता काहीही म्हणो. हिबाचीत ‘गोतोकु’ हे पाय असलेले लोखंडी कडे राखेत रोवून त्यावर किटली ठेवतात. उलटे धरले की ते मुकुटासारखे दिसते, आणि भलत्याच नावाने विकले जाते. निखारे उचलायला ‘हिबाशी’ ही धातूच्या काड्यांची जोडी असते. कित्येकदा वरच्या टोकाला कडीने जोडलेली असल्याने ती केसांचे आकडे किंवा विणकामाच्या सुया वाटते. खालची टोके तापून काळवंडलेली आहेत का ते पाहिले की शंका फिटते. हिमेजीचे म्योचिन घराणे मुळात चिलखते घडवणारे. मेइजी काळात (१८६८–१९१२) सामुराई वर्ग उरला नाही, तेव्हा ते हिबाशी घडवू लागले. त्यांच्या लोखंडी काड्या एकमेकींवर आपटल्या की लांब, स्वच्छ नाद निघतो. आज हे घराणे त्याच काड्यांची वाऱ्यावर वाजणारी किणकिणी बनवते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘हाइनाराशी’चा. हे पितळेचे, तांब्याचे किंवा लोखंडाचे पंख्याच्या वा त्रिकोणाच्या आकाराचे पाते, वर दांडी आणि खालच्या कडेला बहुधा दाते. ते राखेवर ओढले की राख सपाट होते आणि समांतर रेषा उठतात. पाहुणा येण्यापूर्वी हिबाचीची राख अशी विंचरून ठेवणे हा घराच्या टापटिपीचा भाग होता. परदेशी संग्राहक त्याला फणी, गवंड्याचे हत्यार, अगदी केकवर रेघा ओढायचे साधनही समजतात. खूण सोपी आहे. दाते बोथट असतात आणि पत्रा इतका पातळ असतो की गिलाव्यावर टेकवला तर वाकेल. ‘जूनो’ हे जळते निखारे एका जागेहून दुसरीकडे न्यायचे फावडे. खाली लाकडी बैठक असलेला ‘दाई-जूनो’ तातामीवर टेकवला तरी चटई जळत नाही. ‘हिकेशी-त्सुबो’ हा घट्ट झाकणाचा जाड मडक्यासारखा रांजण. उरलेले निखारे त्यात कोंडले की विझतात आणि तो कोळसा पुढच्या वेळी चटकन पेट घेतो. खेड्यातल्या घरात मात्र हिबाचीऐवजी जमिनीत खोदलेली चूल, ‘इरोरी’, असे. तिच्यावर ‘जिझाइकागी’ हा वरखाली सरकणारा आकडा टांगलेला आणि आडवी खीळ बऱ्याचदा माशाच्या आकाराची, कारण मासा पाण्यातला आणि पाणी आगीला आवर घालणारे. पेट वाढवायला ‘हिफुकिदाके’ ही बांबूची फुंकणी. तिच्या शेवटच्या पेराची गाठ राखून तिला फक्त एक बारीक भोक पाडलेले असते.

चहाविधी आणि सुगंधविधी (धूपाचा सुगंध अनुभवण्याचा विधी) यांत हीच अवजारे नाजूक होतात. नोव्हेंबर ते एप्रिल चहाची चूल जमिनीत असते, मे ते ऑक्टोबर ती ‘फुरो’ या वेगळ्या भांड्यात. फुरोतली राख ‘हाइसाजी’ या चमच्याने दाबून तिला ठरलेल्या आकाराचे उंचवटे देतात, आणि या कामाला भरपूर वेळ लागतो. उन्हाळी हाइसाजी लहान असून तिच्या दांडीला बांबूची साल गुंडाळलेली असते. हिवाळी मोठी, तुतीच्या लाकडाच्या दांडीची. हिबाशीचेही तसेच, हिवाळ्याची लाकडी मुठीची आणि उन्हाळ्याची सबंध धातूची. सुगंधविधीच्या सात साधनांपैकी पंख्यासारखे ‘हाइओशी’ छोट्या धूपपात्रातली राख दाबते. ते लहान असल्याने अनेकांना खेळणे वाटते.

तंबाखूच्या तबकात, ‘ताबाको-बोन’मध्ये, दोन भांडी असतात. ‘हि-इरे’त राखेवर एक निखारा असतो, त्यावर ‘किसेरू’ हा लांब चिलमीसारखा पाइप पेटवतात. हि-इरे चहाच्या पेल्यासारखे दिसते, पण आतून त्याला झिलई बहुधा कडेपुरतीच असते, तळ खरबरीत राहतो. दुसरे भांडे ‘हाइफुकी’, पाइपमधली राख झटकायची बांबूची नळी. ती करपली, घाण झाली की बदलायची. म्हणून जुन्या तबकात मूळ नळी क्वचितच सापडते, आणि तिची जागा रिकामी दिसली की विक्रेते फुलदाणी घालून मोकळे होतात.